कुमारांची व्यसनाधीनता : पोलिसांच्या वाटेतील अडथळे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आताच आपण शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षांत विशेष प्रावीण्य मिळविलेल्या मुलामुलींचा सत्कार केला. टाळ्यांचा गजर अजून सभागृहात घुमत आहे. अशा मंगल प्रसंगी आम्ही निवडलेला विषय काहींस अप्रशस्त वाटला, आणि तसे त्यांनी आमच्या कानांवर घातलेही. चिटणीसांनी तर मोठ्या सौजन्याने सुचविले की, पोलीसखात्यातील आठवणी असा एखादा रंजक विषय घ्यावा. आठवणी सांगण्याचे आमचे वय झाले आहे, हे खरे. परंतु ज्या मुलांचा आज सत्कार झाला त्यांच्याच वर्गातील, त्यांच्याच बाकावरील आणि क्वचित् आपल्याच नात्यातील जी मुले आज येथे दिसत नाहीत, त्यांच्याविषयी बोलावयाचे तर याहून योग्य जागा आम्हांस सुचली नाही.

आपल्यापैकी बहुतेकांची घरे पिंपरी, चिंचवड, निगडी, भोसरी, मोशी आणि चाकण या पट्ट्यात आहेत. आपल्या वाडवडिलांनी येथे पाऊल टाकले ते कारखान्यांच्या भोंग्यामागून. या औद्योगिक वसाहतीचा आरंभ कशाने झाला, हे नव्या पिढीस ठाऊक नसेल. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलीनसारखे प्राणरक्षक औषध येथे तयार होऊ लागले. पुढे १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, मोठमोठे कारखाने उभे राहिले, १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती सतरा लाखांवर गेली. चाकण म्हणजे कांद्याबटाट्याची पेठ आणि फिरंगोजी नरसाळ्याने लढविलेला किल्ला, एवढीच ओळख असलेले गाव मोटारींच्या कारखान्यांनी वेढले गेले. ज्या भागाचा उदय औषधाने झाला, त्याच भागात आज रसायनाची पुडी मुलांच्या खिशात सापडावी, हा दैवदुर्विलास होय.

या भागातील घराची घडी कारखान्याच्या पाळीप्रमाणे बसते. वडील तिसऱ्या पाळीहून सकाळी परततात आणि दिवसा झोपतात. आई सकाळीच डबा घेऊन बाहेर पडते. शाळेतून आलेल्या मुलाच्या गळ्यात घराची किल्ली असते. यात आईबापांचा दोष नाही. या पाळ्यांवरच आपली घरे बांधली गेली आणि मुलांची शिक्षणे झाली. मात्र दुपारी तीन ते रात्री आठ या वेळात मूल कोठे असते, हे ठाऊक असणारा मनुष्य पुष्कळ घरांत नसतो; आणि पुडी विकणारास त्या वेळेची माहिती आपल्याहून अधिक असते.

लोकांची समजूत अशी असते की, पोलिसांनी मनावर घेतले तर हे सारे आठ दिवसांत बंद होईल. होत नाही, अर्थी त्यांचे हात ओले झाले असले पाहिजेत. आम्ही सुमारे तीस वर्षे त्या खात्यात काढली आहेत, म्हणून आमचे म्हणणे पक्षपाताचे वाटण्याचा संभव आहे. तरीही अडचणी काय आहेत त्या सांगतो. पोलिसांचे दोषही सांगू. ते झाकून ठेवणार नाही.

प्रथम, ज्यास आपण नशा म्हणतो ती प्रत्येक वेळी कायद्याच्या दृष्टीने अमली पदार्थ असतेच असे नाही. सायकल-मोटारीचे पंक्चर काढण्याचे सोल्युशन, रंगकामाचा थिनर, टंकलेखनातील चुका खोडण्याचा व्हाइटनर या वस्तू आपल्या औद्योगिक पट्ट्यात दर चौकात मिळतात. लहान वयाची मुले व्यसनाच्या वाटेवर पहिले पाऊल पुष्कळदा यांच्याच वासाने टाकतात. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की, दारू, गांजा, अफू इत्यादी सर्व प्रकारांत प्रौढांचे प्रमाण अधिक असले, तरी हुंगण्याच्या द्रव्यांत मात्र मुलांनी प्रौढांस मागे टाकले आहे. दहा ते सतरा वयाच्या मुलांत ते प्रमाण १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के. या द्रव्यांपायी मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या त्या पाहणीने ४ लाख ६० हजार अंदाजिली आहे. या वासाने काही वेळा हृदय एकाएकी बंद पडते, हे वैद्यकास ठाऊक आहे. मुलांस ते ठाऊक नसते.

आता पोलिसाने काय करावे? १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातील अनुसूचीत ही द्रव्ये नाहीत. हवालदाराने पडक्या भिंतीमागे बसलेली चार मुले पाहिली, त्यांच्या हातांतील फडके पाहिले, तरी त्या फडक्यावरून त्या कायद्याखाली गुन्हा उभा राहत नाही. दुकानदार म्हणतो, मी पंक्चरचे सामान विकतो. ते खोटेही नसते. बाटलीबंद व्हाइटनर व त्याचा पातळक यांच्या विक्रीस केंद्र शासनाने २०१२ साली मनाई केली. परंतु ज्या वसाहतीत रबर, रंग आणि डिंक यांवाचून शेकडो लघुउद्योगांचे पान हलत नाही, तेथे अशा द्रव्यांचा बंदोबस्त कोण व कसा करणार? हवालदार मुलांस दरडावतो, घरी पाठवितो आणि नोंदवहीत ओळ लिहितो. दुसऱ्या दिवशी ती मुले दुसऱ्या भिंतीमागे असतात.

दुसरा पदार्थ मेफेड्रोन. बाजारात त्यास एमडी म्हणतात. हे द्रव्य १९२९ साली प्रथम प्रयोगशाळेत तयार झाले आणि नंतर अनेक दशके विस्मृतीत गेले. या शतकाच्या आरंभी ते पुन्हा बाहेर आले. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले फेब्रुवारी २०१५ मध्ये. मधल्या काळात मुंबईपुण्याच्या पोलिसांनी पुडी पकडली, तरी या कायद्याचे शस्त्र त्यांच्या हाती नव्हते. विक्रेत्यांनी त्या अवधीत आपला बाजार बसविला. कायदा आला तेव्हा गिऱ्हाईक तयार होते.

गांजा वासाने कळतो, दारू चालीने कळते. एमडी तसा सहज कळत नाही. पांढरट भुकटी, चिमूटभर. मूल रात्रभर जागे राहते, जेवत नाही, आणि आईस वाटते परीक्षेचा अभ्यास चालला आहे. शिवाय हा माल डोंगरात पिकत नाही; रसायनाच्या कारखान्यात होतो. बाहेर पाटी असते, आत नळ्या आणि टाक्या असतात, आणि आपल्या पट्ट्यात तशा कारखान्याकडे कोण वळून पाहतो?

चाकणचेच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये चाकणजवळ शेलपिंपळगावच्या हद्दीत पिंपरी-चिंचवड पोलिसांनी वीस किलो मेफेड्रोन पकडले. त्याची किंमत वीस कोटी रुपये सांगितली गेली. तपासाचा धागा पुढे गेला तो रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यापर्यंत. त्या प्रकरणातील एक आरोपी ऑक्टोबर २०२३ मध्ये रुग्णालयातून पळून गेला आणि काही दिवसांनी कर्नाटकात हाती लागला, ही हकीगत आपण वर्तमानपत्रांत वाचली आहे. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या एका कारखान्यापासून दिल्लीच्या गोदामांपर्यंत मिळून दीड हजार किलोंहून अधिक मेफेड्रोन जप्त केले. आता हिशेब करा. कायद्याने या द्रव्याचे अल्प परिमाण दोन ग्रॅम आणि व्यापारी परिमाण पन्नास ग्रॅम ठरविले आहे. जेथे किलोंनी माल निघतो, तेथे दोन ग्रॅमची पुडी पकडणाऱ्या शिपायाने सारा पूर थोपवावा, अशी आपली अपेक्षा असते.

तिसरी अडचण हद्दीची. हा विषय आम्हांस जिव्हाळ्याचा आहे, कारण आमची अर्धी नोकरी हद्दीच्या वादात गेली. २०१८ पर्यंत पिंपरी व भोसरी पुणे शहर पोलिसांकडे, तर चाकण, आळंदी, देहूरोड व तळेगाव पुणे ग्रामीणकडे होती. मोशीच्या पुढे गेलेला मनुष्य एका दलाच्या नजरेतून निसटून दुसऱ्याच्या मुलखात शिरे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र आयुक्तालय झाले आणि हा पट्टा एका छत्राखाली आला, ही मोठी सोय झाली. परंतु रांजणगाव आणि कुरकुंभ पुणे ग्रामीणकडेच राहिले, नदीपलीकडे पुणे शहराचे आयुक्तालय, आणि लोहमार्गावर लोहमार्ग पोलीस. माल नाशिक रस्त्याने येतो, मुंबईच्या रस्त्याने येतो, शिक्रापूरच्या रस्त्याने येतो. त्यास हद्द ठाऊक नसते. तुकोबांची देहू आणि ज्ञानोबांची आळंदी ज्या आयुक्तालयात आहेत, त्याच आयुक्तालयास अमली पदार्थविरोधी पथक बाळगावे लागते, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटला होता, बोलतानाही वाटतो.

चौथी अडचण कायद्याच्या पद्धतीची, आणि तीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तीत आपलाही भाग आहे. हा कायदा अत्यंत कडक आहे. व्यापारी परिमाणास किमान दहा वर्षे सक्तमजुरी, जामीन दुर्लभ. इतकी कडक शिक्षा ज्या कायद्यात आहे, त्यात निरपराध मनुष्य अडकू नये म्हणून विधिमंडळाने अटी घातल्या. मिळालेली बातमी लिहून ठेवावी आणि बहात्तर तासांत वरिष्ठांस कळवावी. सूर्यास्तानंतर घरात शिरावयाचे तर त्याची कारणे नोंदवावी. अंगझडती घेण्यापूर्वी त्या मनुष्यास सांगावे की, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्या समक्ष झडती व्हावी असे मागण्याचा तुम्हांस हक्क आहे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बलदेव सिंग खटल्यात निर्णय दिला की, हा हक्क सांगणे हे पोलिसांचे कर्तव्यच आहे. जप्त मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर घ्यावे लागतात. जुलै २०२४ पासून नव्या संहितेप्रमाणे झडती व जप्तीचे चित्रीकरणही सक्तीचे झाले आहे. यांतील एक कडी निसटली तर आरोपी सुटतो.

आम्ही या अटींविरुद्ध तक्रार करीत नाही. त्या न्याय्य आहेत. पोलिसास त्या नकोशा वाटत असतील, तर त्याने हे काम करू नये. आमची तक्रार निराळीच आहे. झडतीस पंच लागतात. पंच म्हणजे त्या ठिकाणचे प्रतिष्ठित, त्रयस्थ नागरिक. रात्री नऊ वाजता चिंचवडच्या एखाद्या सोसायटीत जाऊन फौजदाराने दहा दारे ठोठावली, तर आठ घरांतून कोणी दार उघडत नाही, आणि उरलेल्या दोन घरांत गृहस्थास एकाएकी बरे वाटेनासे होते. मग कार्यालयातील सरकारी नोकर पंच म्हणून आणावे लागतात, किंवा असा कोणी, की जो पूर्वीही दोनतीनदा पंच झालेला आहे. साक्षीच्या वेळी वकील विचारतो, हा तर पोलिसांचा नेहमीचा पंच! खटल्याची भिंत तेथेच खचते. आपल्या ज्ञातीतील सुशिक्षित मंडळी हे ऐकून मान डोलवीत आहेत, हे आम्हांस येथून दिसते. त्यांतील कितीजण आजवर पंच झाले आहेत, हे आम्ही विचारीत नाही.

पाचवी अडचण मुलाच्या वयाची. अठरा वर्षांखालील मूल हाती लागले, तर त्यास खात्याच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. हा शब्द उच्चारण्यास कठीण आहे, म्हणून कोणी त्याची टिंगल करतात. परंतु त्यामागचा विचार थोर आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने अशा मुलास कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. अपराध अतिगंभीर नसेल आणि त्यात प्रौढाचा हात नसेल, तर प्रथम खबरही नोंदविली जात नाही. केवळ स्टेशन डायरीत नोंद होते. विक्रेत्यांनी या दयाळू कायद्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. माल स्वतःजवळ ठेवावयाचा नाही; पंधरा-सोळा वर्षांच्या पोरास एक मोबाईल, थोडे पैसे आणि त्याची स्वतःची रोजची पुडी द्यावयाची, आणि त्याच्या दप्तरातून माल फिरवावयाचा. मुलास असा वापरणारास याच अधिनियमात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्यास नशेचा पदार्थ देणारासही तितकीच शिक्षा आहे. पण मुलगा नाव सांगेल तेव्हा ना! तो सांगत नाही. त्यास भय असते, आणि उद्याची पुडी कोण देणार हीही चिंता असते.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलाजवळ व्यापारी परिमाणाचा माल सापडला, तर तो अपराध अतिगंभीर गणला जातो, आणि प्राथमिक चौकशीनंतर त्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालविला जाऊ शकतो. मेफेड्रोनचे व्यापारी परिमाण पन्नास ग्रॅम, हे वर सांगितलेच. सराफाच्या आजच्या दहा ग्रॅमी तोळ्याने पाच तोळे. दप्तराच्या तळाशी ते वजन जाणवतदेखील नाही. दादाने ठेवावयास दिले म्हणून ठेवले, असे सांगणारी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांतील काही खरे बोलत होती.

पोलिसांचे दोष सांगण्याचे आम्ही कबूल केले आहे. मार्च २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी सुमारे चव्वेचाळीस किलो मेफेड्रोनच्या प्रकरणात आपल्याच दलातील एका उपनिरीक्षकास अटक केली. प्रकरण न्यायालयाचे आहे. त्याच्या गुणदोषांची चर्चा येथे करणे योग्य नव्हे. पण ती बातमी वाचली त्या दिवशी आम्ही जेवलो नाही. चौकीवर जाऊन काही सांगावे असे ज्या आईच्या मनात आले असेल, तिने त्या दिवशी तो विचार सोडून दिला असेल, आणि तिला दोष देण्याचे धैर्य आमच्यात नाही. त्याबरोबर इतके म्हणू की, त्याला पकडणारेही त्याचेच सहकारी होते.

आणखी एक गैरसमज आहे. चाकण-म्हाळुंगेच्या खोल्यांत बाहेरून आलेले कामगार राहतात, हे सारे त्यांच्यामुळे झाले, असे आपण सर्रास बोलतो. त्या खोल्यांत व्यसन नाही असे नाही. घरापासून दूर, आठजण एका खोलीत, अशा जिण्यात ते शिरतेच. परंतु एमडीची किंमत देण्याची ऐपत त्या कंत्राटी कामगाराची नसते. ती आपल्या मुलांची असते.

आता मुख्य अडचणीकडे येतो. तिच्यासाठी आम्हांस स्वतःच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या बहिणीची परवानगी घेतली आहे.

आमचा भाचा सोळा वर्षांचा होता. बहिणीने निरोप पाठविला, दादा, एकदा येऊन जा. घरातील चांदीचे निरांजन आणि भाऊजींचे घड्याळ नाहीसे झाले होते. आम्ही मुलास समोर बसविले. डोळे पाहिले, आणि वर्षानुवर्षे परक्यांच्या मुलांत जे ओळखीत आलो ते स्वतःच्या रक्तात ओळखले. त्याने अर्ध्या तासात सारे सांगितले. पुडी कोण देतो, कोठे देतो, हेही सांगितले. आमच्या खिशात त्या विक्रेत्याचे नाव होते आणि अंगावर सरकारी वर्दी होती. आम्ही काय केले असेल? भाचीचे लग्न ठरत होते. मंडळी पुढच्या रविवारी याद्या करण्यास येणार होती. गुन्हा नोंदविला तर मुलाचे नाव येणार, गावभर होणार, स्थळ मोडणार. आम्ही ते नाव कोणासही सांगितले नाही. भाच्यास दूरच्या गावी मावशीकडे धाडले आणि लोकांस सांगितले की, तिकडचे महाविद्यालय चांगले आहे.

लग्न यथासांग पार पडले. विक्रेता त्याच जागी बसून राहिला. भाचा दोन वर्षांनी परत आला तो अधिक बिघडून आला. आणि आम्हांस नंतर कळले की, मधल्या काळात त्याच हाताने त्याच गल्लीतील आणखी दोन मुलांना पुडी मिळाली. त्यांतील एक मुलगा आज हयात नाही. त्याची आई रस्त्यात भेटली की आम्हांस नमस्कार करते. तिला काही ठाऊक नाही.

पोलीस अधिकाऱ्याच्या घरी जर असे घडते, तर इतरांच्या घरी काय होत असेल, याचा विचार आपणच करा. हवालदार निरोप घेऊन येतो, तुमचा मुलगा अमुक ठिकाणी अमक्याबरोबर दिसला. बाप दारातूनच म्हणतो, तो आमचा मुलगा नव्हेच. शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारावे, तर शाळेचे नाव खराब होईल म्हणून ते मुलास गुपचूप दाखला देऊन मोकळे होतात. सोसायटीचा चिटणीस म्हणतो, आमच्याकडे असले काही नाही. पोलिसास साक्षीदार मिळत नाही, बातमी मिळत नाही. दोन ग्रॅमचे पोर तेवढे मिळते, आणि त्याच्यामागे असलेला हात अदृश्य राहतो. आपल्या संस्थेच्या वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात एक रकाना आहे : व्यसन. गेली कित्येक वर्षे ते अर्ज आमच्या नजरेखालून जातात. त्या रकान्यात 'नाही' याखेरीज दुसरा शब्द आमच्या पाहण्यात आलेला नाही.

आम्हांस त्या वेळी जे ठाऊक असूनही वापरण्याचे धैर्य झाले नाही, ते आता आपणांस सांगतो. ज्या व्यसनी मनुष्यावर केवळ सेवनाचा किंवा अल्प परिमाणाचा आरोप आहे, त्याने आपण होऊन शासनमान्य संस्थेत उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अमली पदार्थांच्या कायद्याचे कलम चौसष्ट-अ हेच सांगते. अट इतकीच की, उपचार पुरे केले पाहिजेत. अर्ध्यावर सोडले तर ते संरक्षण जाऊ शकते. बाल न्याय अधिनियमाप्रमाणे मुलाचे नाव, गाव, शाळा, छायाचित्र कोणासही प्रसिद्ध करता येत नाही. निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी उघड करावयाची नसते. ज्या नोकरीच्या आणि पारपत्राच्या भयाने आपण तोंड शिवून बसतो, त्या भयाची काळजी कायद्याने पूर्वीच घेतली आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, किमान सहायक फौजदाराच्या दर्जाचा. ठाण्यात जावयाचे ते ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी उभे राहून सर्वांदेखत सांगण्यासाठी नव्हे. त्या अधिकाऱ्यास भेटावयाचे आहे, असे सांगावे.

उपचाराविषयी पुण्याइतके भाग्यवान शहर थोडे असेल. १९८०च्या दशकात गर्दने मुंबईपुण्यातील तरुणांस ग्रासले, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. त्यांचे 'गर्द' हे पुस्तक पुष्कळांनी वाचले असेल. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या प्रतिष्ठानचे साहाय्य मिळाले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी त्यास आपले आयुष्य वाहिले. आमचा भाचा अखेर व्यसनमुक्तीच्या उपचारांनीच उभा राहिला. तीन वर्षे लागली, आणि मध्ये दोनदा पाय घसरला. पहिल्याच महिन्यात घेऊन गेलो असतो तर किती लागली असती, हा प्रश्न बहिणीने आम्हांस एकदाच विचारला.

दूरच्या एका देशाचे उदाहरण देऊन हा भाग संपवितो. आईसलंड हे उत्तर अटलांटिकमधील बेट. त्याची लोकसंख्या पिंपरी-चिंचवडच्या पाव हिश्शाइतकीही नाही. १९९८ साली तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात दारूने झिंगल्याचे सांगत. २०१६ साली ते प्रमाण ५ टक्क्यांवर आले. तेथे पोलिसांची संख्या वाढवून हे साधले नाही. आईबापांच्या संघटनांनी आपसांत करार केले, पाळीपाळीने रात्री वस्तीतून फेरी घातली, मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर न राहण्याचा नियम पाळला, आणि नगरपालिकांनी खेळाच्या वर्गणीस पैसे दिले. आपल्याकडे पाळ्यांचे जिणे आहे, हे मान्य. पण ज्या घरात पहिली पाळी आहे त्या घरातील माणूस सायंकाळी मोकळा असतो, आणि तिसऱ्या पाळीच्या शेजाऱ्याचा मुलगा कोठे आहे हे पाहण्यास त्यास कोणाची परवानगी लागत नाही.

कार्यकारी मंडळाकडे आम्ही दोन विनंत्या लेखी दिल्या आहेत. शिष्यवृत्तीच्या निधीतून एक लहानसा भाग उपचारासाठी राखून ठेवावा आणि तो मागणाराचे नाव अहवालात छापू नये, ही पहिली. दुसरी ही की, आपल्या सभासदांपैकी ज्यांची तयारी असेल अशांची, पंच म्हणून बोलाविल्यास येऊ अशी एक यादी करून ती ठाण्यास द्यावी. यादीतील पहिले नाव आम्ही स्वतःचे लिहिले आहे. दुसरे नाव काल एका भगिनीने येऊन लिहिले. त्या भोसरीस शिक्षिका आहेत.

ज्यांना चारचौघांत बोलणे शक्य नाही, त्यांच्यासाठी १४४४६ या क्रमांकावर केंद्र शासनाची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी आहे. तेथे नाव सांगावे लागत नाही. आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही संस्थेच्या कार्यालयाच्या मागील खोलीत बसत जाऊ. त्या खोलीस अंगणातून निराळे दार आहे. नोंदवही ठेवलेली नाही.